कधी गार, कधी कोमट

घरगुती फ्रिजचे बिघाड दोन जातींचे असतात. पहिला सरळ. फ्रिज बंद पडतो, मेकॅनिक येतो, खराब भाग सापडतो, बदलला की काम संपते. दुसरा मात्र डोके खातो. चार दिवस सगळे छान चालते, पाचव्या दिवशी सकाळी दूध नासलेले निघते, आणि मेकॅनिक दारात येईपर्यंत बर्फ पुन्हा दगडासारखा झालेला असतो. मग एक तर तो ‘काही झालेलं नाही’ असे सांगून व्हिजिटचे पैसे घेऊन जातो, नाही तर ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरून जातो. आठवड्याने पुन्हा तेच.

यातले दुसरे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, वापरून संपत नाही. नळीला कुठे भोक पडले तरच तो कमी होतो, आणि एकदा गेलेला गॅस आपण होऊन परत येत नाही. गळती असलेल्या फ्रिजची थंडी त्यामुळे उतरतच जाते. आधी बर्फ जमायला वेळ लागतो, मग कॉइलच्या एका टोकालाच दहिवर दिसते, शेवटी कॉम्प्रेसर अहोरात्र चालूनही आतला माल कोमट राहतो. जो फ्रिज बिघडतो आणि कोणी हात न लावता सुधारतो, त्याच्या बाबतीत गॅसवरचा संशय सगळ्यांत शेवटी घ्यायचा. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

रक्ततपासणी नव्हती तेव्हा वैद्य हिवताप ओळखायचे तो किती दिवसांच्या अंतराने चढतो यावरून. फ्रिजच्या या आजाराचेही तसेच आहे. थंडी जाणे आणि परत येणे यांतले अंतर मिनिटांचे आहे, तासांचे आहे, दिवसांचे आहे की ऋतूंचे, हे कळले की संशयितांची यादी एकदम आखूड होते.

पण त्याआधी थंडी खरोखर जाते का, याची खात्री हवी. हात लावून अंदाज घेणे कामाचे नाही, आणि थर्मामीटर नुसता कप्प्यात ठेवणेही नाही. दार उघडताक्षणी आतली हवा बदलते आणि आकडा खोटा येतो. पाण्याने भरलेला पेला मधल्या फळीवर ठेवून त्यात थर्मामीटर बुडवावा आणि रात्र गेल्यावर पाहावा. हा आकडा २ ते ५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असायला हवा. डबल डोअर फ्रिजच्या फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास थंडी अपेक्षित असते. सिंगल डोअरच्या बर्फाच्या कप्प्यात इतकी नसते, तिथे बर्फ घट्ट जमला तरी पुरे. घर बंद ठेवून गावाला जायचे असेल तर वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर फ्रीझर मधल्या काळात वितळलेला नाही. नाणे तळाशी आणि त्यावर बर्फ, असे असेल तर तो पूर्ण वितळून पुन्हा गोठला आहे, आणि आतले मासे-मटण फेकून द्यायचे आहे.

सोबत एक कागद फ्रिजवर चिकटवून ठेवावा. थंडी कधी गेली, कधी आली, वीज गेली होती का, कॉम्प्रेसरचा आवाज येत होता का आणि कोणता कप्पा आधी कोमट झाला, एवढेच त्यावर लिहायचे. शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. का, ते फ्रिजची रचना पाहिली की कळते.

कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे गॅस तापतो. हा ताप कंडेन्सरमधून बाहेर जातो. जुन्या फ्रिजना मागे काळी जाळी असे. आता ही नळी बहुधा बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून फ्रिजचे गाल गरम लागणे हा दोष नव्हे. ताप गेल्यावर गॅसचा द्रव होतो. तो फिल्टर ड्रायरमधून गाळला जाऊन कॅपिलरीत शिरतो. ही तांब्याची लांब नळी असते आणि तिचे आतले भोक एक मिलिमीटरहूनही बारीक. तिच्या दुसऱ्या टोकाला दाब एकदम पडतो, द्रव उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून ओढून घेतो. हे जिथे घडते तो इव्हॅपोरेटर, मेकॅनिकच्या भाषेत कूलिंग कॉइल. सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा म्हणजेच कॉइल. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये ती फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड लपलेली असते आणि एक छोटा पंखा तिच्यावरची गार हवा दोन्ही कप्प्यांत ढकलतो. म्हणून वरचा कप्पा गार आणि खालचा कोमट असेल तर कॉम्प्रेसर व गॅस ठीक आहेत आणि हवा अडते आहे, असे धरून चालावे. दोन्ही कप्पे एकदम कोमट झाले तर दोष यंत्रात किंवा विजेत.

मिनिटांच्या तालाने चालणारा बिघाड कानाला कळतो. मागून टिक् असा आवाज येतो, काही सेकंद घुमल्यासारखा आवाज होतो, पुन्हा टिक् आणि शांतता. तीन-चार मिनिटांनी तेच. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, जमत नाही, जास्त करंट ओढून तापतो आणि त्याला चिकटवलेला ओव्हरलोड त्याला तोडतो. थंड झाला की पुन्हा जोडतो. कधीमधी एखादा प्रयत्न साधतो आणि फ्रिज तासन्‌तास नीट चालतो, म्हणून दोष येतो-जातो असा वाटतो. दोषी बहुधा कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले असतो. फ्रिजचा प्लग काढून मेकॅनिकने रिले उपसला आणि कानाशी हलवल्यावर तो खुळखुळला, तर आतली गोळी फुटली आहे. हा भाग स्वस्त असतो. रिले बदलूनही टिकटिक थांबली नाही तरच कपॅसिटर आणि कॉम्प्रेसरचे वाइंडिंग तपासण्याकडे वळावे. उलट क्रमाने जाणारा मेकॅनिक महाग पडतो.

कॉम्प्रेसरचा काहीच दोष नसताना हेच लक्षण दिसते ते व्होल्टेज पडल्यावर. २३० व्होल्टवर आरामात उठणारा कॉम्प्रेसर १७०-१८० व्होल्टवर घुमत बसतो. घरांची आणि शेतीपंपांची लाइन एकाच ट्रान्सफॉर्मरवर असेल तर पंप सुरू होण्याच्या वेळा आणि फ्रिज रुसण्याच्या वेळा जुळतात. कागदावरच्या नोंदींत हे लगेच दिसते. शहरात उन्हाळ्यातल्या रात्री शेजारपाजारचे एसी सुरू झाले की असे होऊ शकते. इलाज स्टॅबिलायझर, आणि तोही वीज आल्यावर तीनेक मिनिटे थांबून जोडणारा. वीज क्षणभर जाऊन लगेच आली तर नळ्यांमधला दाब समान व्हायला वेळ मिळत नाही आणि चांगला कॉम्प्रेसरही त्या दाबाविरुद्ध उठू शकत नाही. हे सगळे पाहण्याआधी प्लग मात्र पाहावा. सैल सॉकेट, काळी पडलेली पिन, एक्स्टेंशन बोर्डावर मिक्सरसोबत टांगलेला फ्रिज, यांनी कितीतरी कॉम्प्रेसर विनाकारण बदलायला लावले आहेत.

इन्व्हर्टर फ्रिजमध्ये हा रिले नसतो, कॉम्प्रेसरला मागचे सर्किट बोर्ड चालवते. त्याचा कॉम्प्रेसर कमी वेगाने जवळजवळ सतत चालतो; तो ‘बंदच होत नाही’ ही तक्रार म्हणजे त्याचे नेहमीचे काम. बोर्डावरचा छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोष सांगतो, पण त्याची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. बोर्डाजवळची ऊबदार जागा पाली-झुरळांना आवडते आणि खालच्या वायरी उंदरांना, हे मेकॅनिक लोक चांगले जाणतात. अशा कॉम्प्रेसरला थेट सप्लाय देऊन ‘चेक’ करू देऊ नये. तो २३० व्होल्टच्या सरळ लाइनसाठी बनवलेला नसतो.

तासांचा ताल असेल तर एक साधा आणि एक किचकट संशयित उरतो. साधा थर्मोस्टॅट. त्याची बारीक नळी सिंगल डोअरमध्ये कॉइलला क्लिपने धरलेली असते. साफसफाईत ती निसटली की थर्मोस्टॅटला कॉइलची थंडी उशिरा कळते, मग एकदा भाजी गोठते आणि एकदा लोणी पाघळते. नळी जागेवर असूनही कॉन्टॅक्ट जळाले असतील तर नॉबवर टिचकी मारल्यावर फ्रिज सुरू होतो. थर्मोस्टॅट बदलणे हे तासाभराचे काम.

किचकट संशयित म्हणजे नळ्यांत शिरलेला ओलावा, आणि वर म्हटलेला अपवाद तो हाच. घरगुती फ्रिजमध्ये पूर्वी आर-१२ हा गॅस असे. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने गेला. त्याची जागा आर-१३४ए ने आणि नंतर मोठ्या प्रमाणावर आर-६००ए ने, म्हणजे आयसोब्यूटेनने घेतली. आयसोब्यूटेन वातावरणाच्या दाबाला उणे ११.७ अंशांवर उकळतो. फ्रीझर उणे १८ ठेवायचा तर कॉइल त्याहून गार हवी, म्हणजे कॉइलमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. अशा ठिकाणी बारीक भोक पडले तर कॉम्प्रेसर चालू असताना गॅस बाहेर येण्याऐवजी बाहेरची दमट हवाच आत ओढली जाते. भोक नसले तरी घाईत गॅस भरताना व्हॅक्यूम अपुरा काढला, जुनाच ड्रायर ठेवला, की ओलावा आत राहतोच.

पुढे जे घडते ते मोठे नमुनेदार आहे. गॅसबरोबर फिरणारे पाणी कॅपिलरीच्या शेवटच्या टोकाला पोचते, तिथे तापमान शून्याखाली गेलेले असते, आणि पाण्याचा कण त्या बारीक भोकात गोठून बूच बसते. गॅसचा प्रवाह थांबतो. कॉम्प्रेसर चालूच असतो, पण फ्रीझरमधला नेहमीचा सळसळाट बंद होतो. कॉइल हळूहळू कोमट होते, शून्याच्या वर गेली की बूच वितळते आणि सगळे पूर्ववत. काही तासांनी पाणी पुन्हा त्याच टोकाला. मेकॅनिक नेमका वितळलेल्या काळात आला तर त्याला सगळे ठीक दिसते. गोठलेल्या काळात आला तर गॅस संपल्यासारखा दिसतो आणि तो वरून आणखी गॅस भरतो. त्यातून बिघाडात भरच पडते.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. थंडी गेलेली असताना आणि कॉम्प्रेसर चालू असताना, कॅपिलरी कॉइलला जिथे जोडली आहे त्या जागी गरम पाण्यात पिळलेले फडके धरावे. मिनिटा-दोन मिनिटांत सळसळाट परतला तर ओलावा नक्की. कचरा किंवा जळक्या तेलाने कॅपिलरी चोक झाली असेल तर फडक्याने काही फरक पडत नाही. शिवाय तो दोष सहसा येत-जात नाही. गॅस भरल्यावर काही आठवड्यांत लहरीपणा सुरू झाला असेल तर पहिला संशय ओलाव्याचाच घ्यावा. उपाय अर्धवट चालत नाही. गळती शोधून बंद करणे, ड्रायर नवा घालणे, पंप लावून पुरेसा वेळ व्हॅक्यूम काढणे आणि गॅस वजन करून भरणे, हे सगळे त्याच क्रमाने व्हायला हवे. आर-६००ए ची भरती फार थोडी, घरगुती फ्रिजमध्ये बहुधा १०० ग्रॅमच्या आत असते. पाच-दहा ग्रॅमची चूकही तिथे मोठी ठरते, म्हणून ‘अंदाजाने’ भरणाऱ्याला थांबवावे. हा गॅस ज्वालाग्राही आहे. कॉम्प्रेसरवर ज्वाळेच्या चिन्हाचा पिवळा त्रिकोण दिसला तर खिडक्या उघडल्याशिवाय आणि आतला गॅस मोकळ्या हवेत नीट काढल्याशिवाय स्वयंपाकघरात गॅसवेल्डिंगचा टॉर्च पेटवू देऊ नये.

दिवसांच्या तालाने येणारा बिघाड मात्र फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची खासियत आहे, आणि ‘अधूनमधून कूलिंग जाते’ या तक्रारीत याचा वाटा मोठा. फ्रॉस्ट-फ्री म्हणजे दहिवर जमतच नाही असे नव्हे. ते पॅनेलआडच्या कॉइलवर जमते आणि काही तासांनी एकदा हीटर लागून वितळवले जाते. टायमर किंवा बोर्ड कॉम्प्रेसर थांबवतो, कॉइलखालचा हीटर तापतो, कॉइल पुरेशी गरम झाली की बायमेटल हीटरला तोडतो, आणि वितळलेले पाणी नळीने मागच्या ट्रेमध्ये जाऊन कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाळते. या साखळीतली एक कडी तुटली की बर्फ वितळत नाही. कॉइलच्या पट्ट्यांमधल्या फटी भरत जातात, पंख्याला हवा ओढता येत नाही. आधी खालचा कप्पा कोमट होतो, वरचा अजून घट्ट असतो. मग पंख्याची पाती बर्फाला घासून खरखर करू लागतात. शेवटी वरचाही जातो.

अशा वेळी घरात कोणीतरी फ्रिज बंद करून दिवसभर दारे उघडी ठेवते. बर्फ वितळतो, फ्रिज नव्यासारखा चालतो आणि दुरुस्त झाला अशी समजूत होते. आठ-दहा दिवसांत पट्ट्या पुन्हा भरतात. बंद ठेवून सुधारणे आणि आठवडाभराने बिघडणे ही जोडी दिसली की दुसरे काही शोधायची गरज उरत नाही: डिफ्रॉस्ट होत नाही. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवर पांढरा थर दिसला तर शिक्कामोर्तब.

पुढचे काम मल्टिमीटरचे, प्लग काढून. हीटर १५० वॅटचा असेल तर त्याचा रोध साधारण ३५० ओहम येतो. अनंत आला तर हीटर तुटला. थर्मल फ्यूज नेहमीच्या तापमानाला जोडलेला असावा. तो उडालेला असेल तर नवाच घालावा. वायर जोडून त्याला वगळण्याची पद्धत सर्रास असली तरी धोक्याची आहे, कारण हीटर अडकून राहिला तर आग थांबवणारा तो एकच भाग. बायमेटलबाबत एक नेहमीची चूक होते. बाहेर काढून टेबलावर मोजला तर तो उघडाच दाखवतो आणि खराब म्हणून फेकला जातो. वास्तविक तो शून्याच्या बराच खाली गेल्यावरच जोडला जातो, म्हणून चांगल्या फ्रीझरमध्ये तासभर ठेवून मगच मोजायचा. टायमर असलेल्या फ्रिजमध्ये त्याचा स्क्रू टिक् होईपर्यंत फिरवला की फ्रिज डिफ्रॉस्टमध्ये जातो. अर्ध्या तासात कॉम्प्रेसर परत सुरू झाला नाही आणि स्क्रू जागचा हलला नाही, तर टायमर अडकतो आहे. असा टायमर कधी डिफ्रॉस्टच्या टप्प्यावरच थांबतो: आतला दिवा लागतो, कॉम्प्रेसर गप्प, आणि फ्रिज हलवला की चालू. सर्किट बोर्डवाल्या फ्रिजमध्ये हेच दोष सेन्सरमुळे येतात.

हीटर ठणठणीत असूनही बर्फ वाढत असेल तर दाराच्या रबराकडे, म्हणजे गॅस्केटकडे पाहावे. दारात कागद धरून दार लावावे आणि ओढावा. सहज सरकला तर त्या जागेतून दमट हवा आत जाते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात एवढी फट बर्फाचा डोंगर करायला पुरते. वाकडे झालेले रबर गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करून बसवता येते, फाटलेले बदलावेच लागते. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर निचऱ्याचे भोक तुंबले आहे. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी मारले की मोकळे होते. आणि हवेच्या झरोक्यासमोर कोथिंबिरीची पिशवी दाबून बसवली असेल तर दुरुस्तीची गरजच नाही. पंखा दार उघडताच थांबतो, म्हणून तो तपासताना दाराची कळ बोटाने दाबून धरावी. सिंगल डोअरमध्ये हीटर, टायमर, पंखा यातले काही नसते. तिथे सहा-सात मिलिमीटर बर्फ जमला की नॉबमधले डिफ्रॉस्टचे बटन दाबायचे. बर्फ सुरीने खरवडू नये. कॉइलचा ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो, आणि सुरीचे टोक लागले की गॅस खरोखरच जातो.

ऋतूंच्या तालात अनेकदा बिघाड असा नसतोच. फ्रिज कोणत्या हवामानासाठी बनवला आहे ते त्याच्या लेबलवर अक्षरांत लिहिलेले असते: ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात त्याहून वर. तिथे ‘टी’ वर्गाचा फ्रिजही दुपारभर धापा टाकतो आणि पहाटे सावरतो. त्याला भिंतीपासून चार बोटे अंतर देणे, कंडेन्सरची धूळ झाडणे, शेगडीपासून दूर नेणे आणि गरम पातेले आत न ठेवणे, एवढेच हातात असते. कडाक्याच्या थंडीत उलटे होते. एकच थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यात असलेला फ्रिज थंड गॅरेजमध्ये ठेवला, तर खालचा कप्पा आपोआपच गार राहतो, कॉम्प्रेसर फारसा सुरूच होत नाही आणि फ्रीझरमधला माल वितळतो. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांत दुसरा फ्रिज गॅरेजमध्ये असतो, तिथे हा अनुभव येतो.

दोष सापडेपर्यंत आतल्या अन्नाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. दार न उघडता बंद फ्रिज साधारण ४ तास आणि भरलेला फ्रीझर दोनेक दिवस थंडी धरतो. त्यानंतर दूध, शिजवलेले अन्न, मांस-मासे वासावरून पारखू नयेत, कारण आजार करणाऱ्या सगळ्याच जंतूंनी वास येत नाही.

हे सगळे तपासूनही थंडी उतरतच गेली, तर मग खरी गळती. ती मागे दिसणाऱ्या जोडावर असेल तर दुरुस्ती टिकते. पत्र्याआड, फोममध्ये पुरलेल्या नळीत असेल तर ती नळी वगळून मागे बाहेरून नवा कंडेन्सर बसवतात. फोममधली गळती कॉइलच्या बाजूची असेल तर हा मार्गही राहत नाही, आणि मार्ग असला तरी आठ-दहा वर्षे वापरलेल्या फ्रिजवर तो खर्च सहसा परवडत नाही.